आता तुमचं अडणार नाही

"आधी हात धुवा," पद्मा म्हणाली. "आणि ते घड्याळ काढून ठेवा. तांदूळ धुवायचेत."

मी घड्याळ काढून खिडकीत ठेवलं आणि ओट्यासमोर उभा राहिलो. दुपारचे चार वाजले होते. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत, त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक चारलाच सुरू व्हायचा. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि त्या वेळी मी स्वयंपाकघरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"गॅस लावा."

मी बटण फिरवलं आणि मग काडेपेटी शोधायला लागलो. तोवर वास सुटला. पद्माने हात पुढे करून बटण बंद केलं.

"आधी काडी, मग बटण," ती म्हणाली. "एवढं एक विसरू नका. बाकी विसरलं तरी चालेल."

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं होतील. मी नुकताच निवृत्त झालो होतो. मोजणी खात्यात भूकरमापक होतो. सगळी नोकरी शिवारात गेली. भावाभावांचे बांधाचे वाद, त्यांच्या मोजण्या, नकाशे. आठ-आठ दिवस बाहेर राहायचं, घरी यायचं, पाटावर बसायचं, ताट यायचं. मीठ कमी-जास्त असलं तर तेवढं सांगायचो. पद्माशी माझं याहून फारसं बोलणं नव्हतं. मी पिणारा नव्हतो, हात उचलणारा नव्हतो. जयसिंगपुरात आमच्या गल्लीत चौगुले साहेब म्हणजे सरळ माणूस, असं लोक म्हणायचे. मलाही ते पटत होतं.

संक्रांत झाली आणि एके दिवशी तिने हे काढलं. माझे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायला नको म्हटलंय, तुम्ही स्वयंपाक शिका.

"एखादी बाई ठेवू की," मी म्हटलं.

"बाई दोन दिवस येते, तिसऱ्या दिवशी दांडी मारते. आपलं आपल्याला यायला पाहिजे."

मी फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर घरात बसून मी कंटाळलो होतो.

पहिल्या दिवशी फक्त भात. मी जुनी मोजणीवही आणि पेन्सिल घेऊन बसलो आणि विचारलं, "पाणी किती? माप सांग."

"तांदळावर बोट टेकवा. पहिल्या पेरापर्यंत पाणी."

"बोट प्रत्येकाचं वेगळं असतं."

"मग तुमच्या बोटाने शिका. तुम्हालाच करायचाय."

भात खाली लागला, वर कच्चा राहिला. तिने तो निमूट पातेल्यातून काढला, वरचा पुन्हा शिजवला, आणि म्हणाली, "उद्या परत हेच."

तीन दिवस आम्ही भातच केला. मग वरण. मग फोडणी. मोहरी तडतडल्याशिवाय जिरं घालायचं नाही. तिखट घालताना गॅस बारीक. हिंग चिमूटभर. चिमूट कुणाची, असं मी विचारलं तेव्हा ती हसली. तिला हसताना बघून मी पेन्सिल खाली ठेवली. तिचा खालचा एक दात पडलेला होता. कधी पडला, मला ठाऊक नव्हतं.

पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. डाळीचं पीठ आधी गार पाण्यात कालवायचं असतं, मी ते थेट उकळत्या पाण्यात टाकलं होतं. जेवताना मी म्हटलं, "हे फेकून देऊ."

"फेकायचं कशाला? बिघडलं तर बिघडलेलं खायचं. दुसऱ्या दिवशी बिघडत नाही."

असं तिचं शिकवणं होतं. ती रागावायची नाही. माझ्या शेजारी स्टुलावर बसायची, हात मांडीवर ठेवायची आणि नुसती सांगायची. न राहवून मी म्हणायचो, तूच कर एवढं. ती हात लावायची नाही. फक्त गुरुवारी तिची घाई असायची. साडेपाचला ती भिंतीपलीकडच्या मगदूम वहिनींकडे जायची आणि अर्ध्या तासाने परत यायची. बायकांचं काही असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

भाकरीने मात्र माझा जीव काढला. ज्वारीचं पीठ हाताला चिकटायचं, थापताना काठ फाटायचे, उचलताना मधोमध तुटायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा जातो, त्याची भाकरी होत नाही, हे ती मला सांगत होती. पण पीठ ताजं होतं, हात जुने होते. एकदा ती स्टुलावरून उठली, माझ्या मागे आली आणि तिने माझ्या हातांवर तिचे हात ठेवले.

"दाबायचं नाही. फिरवायचं. भाकरी आपोआप मोठी होते."

आम्ही दोघं असे चार हातांनी ती भाकरी फिरवत होतो. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागत होत्या. मला आठवेना, याआधी तिने माझा हात कधी धरला होता.

माझी पहिली अख्खी भाकरी निघाली तिला एका बाजूला शेंडा होता. पद्माने ती उजेडात धरली.

"ही कुठल्या गावाची हद्द म्हणायची?"

मी मोठ्याने हसलो. संसारात मी इतका सुखी कधी नव्हतो. सकाळी उठलो की मी चार वाजायची वाट बघायचो. बाजारात जाऊन मीच भाजी निवडू लागलो. वांगी हातात घेऊन वजनाला हलकी आहेत का बघायचो, कारण हलक्या वांग्यात बिया कमी असं तिने सांगितलं होतं. मित्रांना सांगायचो, निवृत्तीनंतर खरं लग्न झालं बघा माझं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी भाकऱ्या चालल्या होत्या. मी तव्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पद्मा स्टुलावर बसून बघत होती. मग म्हणाली, "अहो."

"काय?"

"त्रिशलाला एकदा बोलावून घेऊ या का?"

त्रिशला आमची मुलगी. एकुलती एक. सात वर्षांपूर्वी तिने इचलकरंजीत आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं होतं. संजय आवळे. आडनावावरून जात कळल्यावर मी पुढचं काही ऐकलंच नव्हतं. मुलगा शिकलेला होता, स्वभावाने चांगला होता, हे पद्मा सांगत राहिली होती. मी एवढंच म्हटलं होतं की समाजात मला तोंड दाखवायचंय. पुढे त्याची बदली बार्शीला झाली आणि ती दोघं तिकडे गेली. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

"तिला गेले तीन महिने..." पद्मा बोलू लागली.

"पद्मा," मी म्हटलं, "तो विषय या घरात संपलाय. पुन्हा काढायचा नाही."

मी आवाज चढवला नव्हता. शिवारात लोक हमरीतुमरीवर आले की मी असाच बोलायचो, हळू आणि एकदाच. मग कुणी पुढे बोलत नसे.

पद्मा माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते तिने विचारलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, तिला काही विचारायचं नव्हतं. तिला उत्तर मिळालं होतं.

"भाकरी उलटा," ती म्हणाली. "करपेल."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं वाढलं. एकाच दिवशी ती मला दोन-दोन गोष्टी शिकवू लागली. ताक कसं करायचं, विरजण किती लावायचं, डाळीला पोरकिडा लागू नये म्हणून काय करायचं, सिलिंडर संपला की रेग्युलेटर कसा काढायचा. डब्यांवर तिने कागद चिकटवले. ताप आला तर मऊ भात कसा करायचा तेही दाखवलं.

"एवढी घाई कशाला?" मी म्हटलं.

"गुडघे फार दुखतात आता," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी तिने सांगितलं, "आज सगळं तुम्ही एकट्याने करायचं. मी बाहेर बसते. हाक मारायची नाही."

मी भात केला, तुरीची आमटी केली, भरली वांगी केली, चार भाकऱ्या थापल्या. त्यातल्या दोन टम्म फुगल्या. दीड तास लागला. सगळं झाल्यावर मी तिला हाक मारली, पाट मांडला आणि तिला वाढलं. आधी तिला. ती संकोचली, मग बसली. मी समोर उभा राहून बघत होतो. बत्तीस वर्षांत ती माझ्याआधी जेवायला बसलेली मी पहिल्यांदा बघत होतो.

ती सावकाश जेवली. सगळं खाल्लं. ताटात काही ठेवलं नाही.

"मीठ?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

"आणि भाकरी?"

तिने पाण्याचा तांब्या उचलला, प्याली, पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुमचं अडणार नाही."

मला तेव्हा शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. त्या आनंदात मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंदिरातून आलो तर दारात रिक्षा उभी होती. बाहेरच्या खोलीत पद्मा चांगली साडी नेसून उभी होती. पायाशी एक पिशवी होती.

"कुठे निघालीस?"

"बार्शीला. त्रिशलाकडे."

मी दारातच थांबलो.

"तिच्या पोटात गाठ आहे," पद्मा म्हणाली. "दिवाळीत ऑपरेशन झालं. गाठ परत आलीय. संजय एकटा किती करणार? दवाखाना, नोकरी आणि पोर. चार वर्षांची मुलगी आहे तिला. सई. तुम्हाला माहीत नाही."

"तुला कसं माहीत?"

"मगदूम वहिनींकडे फोन येतो तिचा. दर गुरुवारी. सात वर्षं येतोय."

माझ्या घराच्या भिंतीपलीकडे सात वर्षं माझी मुलगी बोलत होती. मला दुःख व्हायला हवं होतं, पण मला राग आला. फसवल्याचा राग.

"आणि गुडघे?"

"माझे गुडघे चांगले आहेत."

"मग मला सांगायला काय झालं होतं? आजारी आहे म्हणून सांगायचं होतंस!"

"त्या दिवशी सांगत होते."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"किती दिवसांनी येणार?"

"स्वयंपाक शिकवायला घेतला तेव्हा चार-सहा महिन्यांसाठी जायचं मनात होतं. तुम्हाला हाताला काही यावं, तुमचे हाल होऊ नयेत, म्हणून. ती बरी झाली की येईन म्हणत होते." तिने पदर सारखा केला. "त्या दिवसापासून तसं नाही. आता मी येणार नाही."

"म्हणजे तू मला या... यासाठी शिकवत होतीस?"

"तुम्हाला उपाशी टाकून गेले, असं माझ्या मनाला लागायला नको. तुमच्यासाठी नाही शिकवलं. माझ्यासाठी शिकवलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो. तिने पिशवी उचलली, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि वळली.

"येता?" ती म्हणाली. "तिला बरं वाटेल. तुमची आठवण काढते. अंगावरच्या कपड्यानिशी चला, रिक्षा आहे."

तिने विचारलं होतं. एकदा नव्हे, त्या महिन्यात दोनदा. हे मी स्वतःपासून कधी लपवू शकलो नाही.

पण दारात रिक्षावाला ऐकत होता. मगदूम वहिनी त्यांच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. आणि सात वर्षांपूर्वी, त्रिशलाच्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी, मी काय केलं होतं ते त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्या माणसाची करतात तशी मी तिच्या नावाने आंघोळ केली होती. पाणी पद्माने तापवून दिलं होतं. मीच तिला तापवायला लावलं होतं.

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाकडे कसा येऊ?"

पद्माचा चेहरा बदलला नाही. तिने मान हलवली, जणू मी बाजाराचा भाव सांगितला होता. आणि ती रिक्षात जाऊन बसली.

त्या दिवशी चार वाजता मी स्वयंपाक केला. का केला ते सांगता येणार नाही. भूक नव्हती. दुसऱ्या दिवशीही केला. मी एकही दिवस उपाशी राहिलो नाही. भाकरी चांगली होऊ लागली. ती आठवड्याने येईल, पंधरा दिवसांनी येईल, असं मी धरून चाललो होतो. ती आली तर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. मोठ्या मनाने माफ करायचं होतं मला.

मे महिन्यात एका दुपारी मगदूम वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मी आमटीला फोडणी देत होतो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "बार्शीचा फोन होता. त्रिशला गेली. सकाळी."

मी गॅस बंद केला. वहिनी रडत होत्या. मी काय करायला हवं ते मला कळेना. असं झालं की माणूस आंघोळ करतो. ती तर मी सात वर्षांपूर्वीच करून बसलो होतो. आता तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"तुम्ही जाणार का?" वहिनींनी विचारलं. "आमचे हे येतील सोबत. गाडी बघू?"

मी मान हलवली. नको म्हणून. त्या गेल्या. मग मी पुन्हा गॅस लावला आणि आमटी पुरी केली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर मी वहिनींकडून पत्ता घेतला आणि एका रविवारी पहाटेच्या गाडीने बार्शीला गेलो. पोचायला एक वाजला. दोन खोल्यांचं घर होतं, दार उघडंच होतं. आत पद्मा खाली बसून जेवत होती, तिच्या मांडीला टेकून एक मुलगी बसली होती. ओट्यापाशी संजय भाकऱ्या करत होता. त्याला मी एकदाच पाहिलं होतं. केस पांढरे झाले होते. अजून चाळिशीही नव्हती त्याची.

त्यानेच मला आधी पाहिलं. क्षणभर त्याचा हात पिठात थांबला.

"या, मामा," तो म्हणाला. "हातपाय धुवून घ्या. गरम आहे तोवर बसा."

मी बसलो. त्याने मला वाढलं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आजी, हे कोण?"

पद्माने घास गिळला. "तुझ्या आईचे वडील."

आजोबा म्हणाली नाही. मुलीने विचार केला.

"जमीन मोजायला गेलेले?" ती म्हणाली. "आई म्हणायची, खूप मोठी जमीन आहे, मोजून झाली की येतील."

संजयने आमच्याकडे पाठ फिरवली आणि तवा उगाच पुसला. मी खाली बघून जेवत राहिलो.

पद्मा वाळली होती, पण बरी दिसत होती. तिने माझी चौकशी केली, पाहुण्याची करतात तशी. रक्तदाब कसा आहे, पाणी नीट येतं का. मी हळू आवाजात म्हटलं, "घरी चल."

"सईची शाळा सुरू झालीय," ती म्हणाली. तेवढंच.

मग मला जे बोलायचं होतं, ज्यासाठी मी खरं तर आलो होतो, ते मी बोललो. "मीच इथे राहिलो तर? मला सगळं करता येतं आता."

पद्माने आपलं ताट बाजूला सारलं.

"घर संजयचं आहे," ती म्हणाली. "त्याला विचारा."

खोली दहा फुटांची होती. संजयने सगळं ऐकलं होतं. तो तव्यावरची भाकरी उलटायची सोडून उभा होता. तो वळला, माझ्यासमोर आला, आणि भाकरी पुढे करून म्हणाला, "मामा, अजून एक घेणार?" तो फक्त भाकरीचं विचारत नव्हता, हे कुणालाही कळलं असतं. मी एक शब्द बोलायचा होता. संजय, मी राहू का, एवढंच. त्याने हो म्हटलं असतं. आजही मला त्याची खात्री आहे.

त्याच्यापुढे माझं तोंड उघडलं नाही.

"पुरे," मी म्हणालो. "मला दोनची गाडी आहे."

दोनची गाडी नव्हती. परतीची गाडी साडेचारला होती. मी स्टँडवर जाऊन, गावातून येणारा रस्ता दिसेल अशा बाकावर बसलो. मी खोटं बोललो हे पद्माला कळलं असेल, ती संजयला सांगेल, तो सायकल काढेल, असं मला वाटत होतं. प्रत्येक सायकलवाल्याकडे मी बघत होतो. साडेचारला गाडी लागली. मी सगळ्यांना आधी चढू दिलं. कंडक्टरने दोनदा विचारलं, काका, येताय ना?

मी चढलो.